जखमेचं विशेषण

ज्याची जखम दुखते त्याच्यावर घरचे लगेच विश्वास ठेवतात. माझी दुखत नव्हती. माझं अर्धं आजारपण या एका गोष्टीपायी गेलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. अशी जखम आणखी कोणाच्या पायावर असेल तर त्याला उपयोग व्हावा, एवढंच.

माझं सासर जानेफळचं, लग्नाला तीन वर्षं झाली होती. शेती बरी होती, विहिरीवर वांगी-मिरच्यांचं थोडं माळवं होतं. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे यजमान नारायणराव, आमची दोन वर्षांची कमल, आणि यजमानांचे मोठे भाऊ. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. भासऱ्यांची बायको वारलेली. त्यामुळे घरातलं आणि वावरातलं बाईमाणसाचं काम माझ्यावर आणि रोजच्या मजुरणींवर होतं.

माघ महिन्यात तूर कापून झालेल्या वावरातून मी डोक्यावर भारा घेऊन येत होते. कापलेल्या तुरीचे खुंट तिरके आणि धारदार उभे असतात. त्यातला एक डाव्या पायाच्या नडगीत घुसला. मी तो उपसून काढला, रक्त थांबेपर्यंत पदर दाबून धरला, आणि भारा खळ्यावर नेऊन टाकला. संध्याकाळी हळद भरली. यात काही विशेष नव्हतं. असे खुंट प्रत्येकीच्या पायात जायचे.

बाकीच्यांच्या जखमा भरल्या. माझी भरली नाही. चैत्रात ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली. लिंबाचा पाला उकळून धुतली, तुरटी लावली, मेहकरच्या बाजारातून मलम आणलं. तळ फिका, कडा जुन्या वहाणेच्या कातड्यासारख्या जाड. पाण्यासारखं थोडं झिरपायचं, घाण वासही फारसा नव्हता. आणि दुखायचं मुळीच नाही. निंदणाच्या, तण काढायच्या दिवसांत मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओणवी असायची, तरी पाय तक्रार करायचा नाही.

आषाढात आत्याबाईंनी मला ओसरीवर बसवलं आणि बाभळीचा काटा घेऊन जखमेच्या कडेला टोचला.

"दुखते?"

"नाई."

त्यांनी आणखी एकदा टोचला. मग काटा अंगणाबाहेर टाकून दिला आणि हात दोनदा धुतले. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट आणि तांब्या वेगळा झाला. तिसऱ्या दिवसापासून कमल आजीजवळ झोपायला लागली. महारोगाचं नाव आमच्या घरात कोणी तोंडानं घेतलं नाही. मी दुपारी कोणी नसताना हाताची बोटं एकेक करून चिमटून पाहायची. दुखली की बरं वाटायचं.

*

मेहकरच्या सरकारी दवाखान्यात जायला आश्विन उजाडला. यजमानांनी छकडा जुंपला. वाटेत ते बैलांशीच बोलत होते.

डॉक्टर नागपूरकडचे होते, बोलणं तुटक. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा धागा हातावर, गालावर, पायावर फिरवला. लागला की सांग, म्हणाले. मग टाचणी. मग गरम पाण्याची नळी आणि थंड पाण्याची नळी. कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली. या सगळ्याला पाव तास लागला असेल. मला तो आजवरचा सगळ्यात लांब पाव तास वाटतो.

"महारोग नाही," ते म्हणाले.

यजमान भिंतीला टेकून खाली बसले. मी उभीच राहिले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. फार तहान लागली.

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत दोन-तीन ओळी लिहिल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, दवाखान्याच्या कागदाच्या माथ्यावर दोन्ही नावं छापलेली असायची. "झोपून राहायचं. पाय वर. हे सगळं लिहिलं आहे," असं ते सांगत होते, तेवढ्यात साप चावलेल्या एका माणसाला चौघांनी उचलून आत आणलं. डॉक्टर कागद यजमानांच्या हातात देऊन तिकडे धावले. आम्ही थोडा वेळ थांबलो. पण डॉक्टर बाहेर येईनात, आणि आम्हाला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आम्ही निघालो.

इथं आमचं चुकलं. थांबायला पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत बसावं लागलं असतं तरी बसायला पाहिजे होतं.

*

भासरे इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले होते. गावातले लोक सरकारी कागद त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे, आणि ते वाचायचेही जबाबदारीनं. अंदाजानं कधी सांगायचे नाहीत. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मी दाराच्या आड उभी होते.

"महारोग नाई," ते म्हणाले.

आत्याबाईंनी हात जोडले. "मंग काय हाय?"

भासऱ्यांनी आतून आपला जाडजूड कोश आणवला. पानं उलटली, बोट खाली खाली नेलं आणि थांबले. परत कागद पाहिला, परत कोश पाहिला.

"सांग ना बापू."

"आळशी."

"कोन?"

"इंडोलंट, असं लिहिलं हाय. इंडोलंट म्हंजे आळशी, सुस्त, कामाचा कंटाळा असलेला. अन् खाली लिहिलं, सहा आठवडे आराम."

यजमान म्हणाले, "दादा, नीट पाह्य."

"अक्षर न् अक्षर जुळवलं नारायण."

मग आत्याबाई म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरले एका दिवसात समजलं. मले तीन वर्ष लागले."

त्या दिवशी माझं ताट परत सगळ्यांच्या ताटांत आलं. कमल माझ्याजवळ झोपली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात होते, कारण सहा आठवड्यांचा आराम मीच मागून लिहून घेतला असं घरानं धरलं, आणि आता बसायला काहीच कारण उरलं नव्हतं.

या कागदानं मला किती आतून पोखरलं हे कोणाला सांगता आलं नाही. कोणी तोंडावर आळशी म्हटलं तर भांडता येतं. हे शिकलेल्या माणसानं तपासून लिहिलेलं होतं. कपाशी फुटली, वेचणी सुरू झाली, आणि मी ओळीतून चालताना स्वतःवर पाळत ठेवायला लागले. पाय जड झाला की वाटायचं, हा जडपणा खरा आहे की कंटाळाच आहे? दुखत तर नाही. मग बसावंसं का वाटतं? मी बाकीच्या बायकांपेक्षा अर्धी ओळ पुढे राहायचा प्रयत्न करायची.

पंधरा दिवसांत जखम दुप्पट झाली. घोट्यापर्यंत सूज आली. मी एका दुपारी बांधावर बसले आणि उठले नाही. बाकीच्या बायकांनी आत्याबाईंना बोलावलं.

"उठ."

"आत्याबाई, पाय उचलत नाई. थोडे दिवस घरी बसू द्या."

"तसं लिहूनच आनलं ना तू. सहा आठवडे." त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर कापसाचं ओझं होतं आणि वय साठीच्या पुढे होतं. "माहेरी जाय. तिथं कर आराम. पोरगी राहू दे इथं. तुले आराम पाह्यजे ना, तिचं कसं करशील मंग?"

यजमान तिथं होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी छकडा जुंपला आणि मला सुलतानपूरला बाबांच्या दारात सोडलं. निघताना कमल झोपली होती, म्हणून तिला उठवलं नाही.

*

बाबांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं होतं आणि त्याबद्दल भाऊबंदांकडून बोलणी खाल्ली होती. मी आले त्याच आठवड्यात त्यांच्या कानावर आलं की वडनेर भोलजीचे कोणी नातलग जानेफळला येऊन गेले आणि त्यांनी आपल्या पुतणीचा विषय नारायणरावांसाठी काढला. तेव्हा एक बायको असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. बाबांनी ही बातमी मला सांगितली, लपवली नाही. मग म्हणाले, "तो कागद कुठं हाय?"

कागद माझ्या पदराच्या गाठीत होता. जानेफळहून निघताना मी तो भिंतीच्या कोनाड्यातून उचलला होता. का उचलला ते मलाही माहीत नव्हतं.

"चाल मेहकरले. ज्यानं लिहिलं त्यालेच विचारू."

दवाखान्यात माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर आधी पायाकडे वाकले. मी पाय मागे घेतला आणि कागद पुढे केला.

"तुमी मले आळशी काऊन लिहिलं?"

त्यांना कळेना. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कोश, कपाशी, कमल, सगळं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती शिकलीस?"

"चौथी."

"विशेषण म्हणजे काय?"

मला वाटलं ते माझी थट्टा करताहेत. तरी उत्तर दिलं. "नामाबद्दल जास्त माहिती सांगते ते."

"इंडोलंट हे विशेषण आहे. या कागदावर त्याचं नाम कुठं आहे?"

"मले इंग्रजी येत नाई."

"मीच सांगतो. नाही लिहिलेलं. वर तुझं नाव आहे आणि खाली नुसतं विशेषण. मधला शब्द माझ्या हातून राहिला. तो आहे व्रण. ही जखम." ते थोडे थांबले. "डॉक्टर हा शब्द माणसाला कधीच लावत नाहीत. जखमेला लावतात, गाठीला लावतात. शब्द जुना आहे, लॅटिनमधला. मूळ अर्थ एवढाच, की ज्यात वेदना नाही असा. पुढं लोक त्रास टाळणाऱ्या माणसाला तो लावायला लागले, आणि कोशात तोच अर्थ पहिला बसला. आम्ही अजून जुन्या अर्थानं लिहितो. दुखत नाही, चिघळत नाही आणि भरतही नाही, अशी जखम."

"मंग दुखत नाई म्हंजे लहान दुखणं?"

"दुखली असती तर तू माघातच आली असतीस. दुखत नाही म्हणूनच ती एवढी झाली."

बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे मराठीत लिहून द्या."

डॉक्टरांनी लगेच लिहिलं. अर्धं पान भरलं. माझ्या हातून चूक झाली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं असं वाक्य मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबा ते पत्र घेऊन जानेफळला गेले आणि मी दवाखान्यात राहिले.

*

त्या दवाखान्यात बायकांच्या खोलीत चारच खाटा होत्या. माझ्या खाटेच्या पायथ्याखाली कंपाउंडर करीमभाईंनी विटा लावल्या, त्यामुळे पाय डोक्यापेक्षा उंच झाले. पहिले दोन दिवस सगळं जग घसरून आपल्या डोक्याकडे येतंय असं वाटायचं. नंतर सवय झाली. आठवड्यातून एकदा सकाळी करीमभाई लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुवायचे. मग चिकटपट्टीच्या लांब फिती काढून त्या घोट्यापासून वर एकीवर एक चढवत आवळून बसवायचे. त्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच. "बेटी, हिलना मत, ये जखम बहुत शरमीली है," ते दर वेळी सांगायचे. बहिर्दिशेपुरतं उठायचं. बाकी काही नाही.

काही न करणं फार कठीण असतं. तीन वर्षांत मी दिवसा कधी आडवी झाले नव्हते. बाहेर कोणी झाडत असेल तर माझे हात आपोआप हलायचे. डॉक्टरांचं म्हणणं पटलं होतं, तरीही दुपारी पडून असताना आत्याबाईंचा आवाज ऐकू यायचा. ज्यांना असा आराम सांगितला असेल त्यांना मी हे सांगेन की आवाज येतो, आणि आला तरी उठायचं नाही.

शेजारच्या खाटेवर रखमाआजी होत्या. भाजीपाला पिकवणाऱ्या, मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्यांना दिसत नव्हतं आणि मला हलता येत नव्हतं. फिती बदलल्या की त्या विचारायच्या, "केवढी हाय आज?"

"पेरूच्या फोडीएवढी."

पुढच्या खेपेला, "आज?"

"थोडी आत आली. कडेनं पातळ गुलाबी कातडी दिसून राह्यली."

"पालकाचं रोप निंगते तशी?"

"हाव, तशी."

त्या मान डोलवायच्या, जणू त्यांच्याच वाफ्याची खबर लागली. त्या बाईचं मी पुढे कधी तोंड पाहिलं नाही, पण त्या दिवसांत मला धरून ठेवलं ते त्यांच्या विचारण्यानं.

*

बाबांनी पत्र दिल्यावर आठेक दिवसांनी भासरे आले. खोलीच्या दाराशी उभे राहिले, मग पाठ करून उंबऱ्यावर बसले. मी डोक्यावर पदर ओढला. रीतीप्रमाणे ते माझ्याशी बोलू शकत नव्हते, म्हणून रखमाआजींना म्हणाले, "आजी, आमच्या सूनबाईले सांगा..."

"मी आंधळी हाय बापू, बहिरी नाई. तीबी नाई. तूच सांग."

भासरे तसेच पाठमोरे म्हणाले, "शब्द बरोबर वाचला होता मी. लावला चुकीचा. कागद पुरा नव्हता हे मले समजाले पाह्यजे होतं. आराम कर असं कोनी शिवी देऊन लिहीत नाई." पुढे म्हणाले, "कोशात मी त्या शब्दापाशी दुसरा अर्थ लिहून ठेवला. मायलेबी वाचून दाखवला."

मी उत्तर दिलं नाही. देता आलं असतं. माझा राग अजून ताजा होता आणि तो मला इतक्यात सोडायचा नव्हता. ते उठून गेले. आज वाटतं, तो माणूस एवढ्या लांबून आपली चूक सांगायला आला होता, निदान हुंकार द्यायला हवा होता.

दोन दिवसांनी यजमान कमलला खांद्यावर घेऊन आले. ती माझ्याकडे येईना. विटांवर चढवलेली खाट आणि बांधलेला पाय पाहून त्यांच्या मानेला धरून राहिली. मी तिला बोलावलं नाही, हात नुसता खाटेच्या कडेला ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं येऊन माझं एक बोट धरलं.

मग मी यजमानांना विचारलं, "तुमी काऊन गप्प राह्यले?"

"मले वाटलं कागदाचं खरंच असन. इंग्रजीत होतं."

"अन् वडनेरचं?"

"त्यायले त्याच दिवशी नाई म्हनलं. तुले येऊन सांगितलं नाई, ते चुकलं." ते खाली बघत होते. "मी तुले वावरात पाह्यलं होतं ना तीन वर्षं. मी डोळ्यानं पाह्यलेलं सोडून दिलं अन् कागद धरला."

कमल माझं बोट ओढत होती.

*

सहा आठवड्यांचे नऊ झाले. नवी कातडी पापडासारखी पातळ होती. डॉक्टर म्हणाले, घरी जा, पण तीन महिने रोज सकाळी, उठून उभं राहायच्या आधी, पाय वर धरून पट्टी बांधायची. स्वतःची स्वतःला नीट बांधता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी बांधली पाहिजे.

"कौन बांधेगा?" करीमभाईंनी विचारलं.

"मी," यजमान म्हणाले. करीमभाईंनी त्यांना दोन दिवस शिकवलं. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल, कुठं सुरकुती नको.

जानेफळला आमची ओसरी रस्त्याला लागून होती. उजेड तिथंच चांगला, म्हणून ते मला तिथं निजवायचे आणि समोर बसून माझी टाच आपल्या मांडीवर घ्यायचे. नवऱ्यानं बायकोचा पाय मांडीवर घेणं तेव्हा बंद दाराआडही कोणी केलं नसतं. पहिल्या दिवशी रस्त्यानं विहिरीवर जाणाऱ्या बायका थबकल्या. एक जण हसली. मी तोंडावर पदर घेतला. यजमानांचे कान लाल झाले होते, पण हात थांबले नाहीत. आत्याबाई एकदा दाराशी आल्या आणि तशाच आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी त्या गरम पाण्याचा गंज घेऊन बाहेर आल्या आणि तो मुलाच्या शेजारी ठेवला. मग तिथंच खाली बसल्या. रस्त्यावर दोघी-तिघी उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या पायाकडे पाहत राहिल्या, पुष्कळ वेळ. मग हात पुढे करून माझी टाच खालून धरली.

"तू बांध," त्या मुलाला म्हणाल्या. "मी धरतो पाय."